देवाच्या नावाचा कोंबडा

मुलुंड,
रविवार, ता. २ फेब्रुवारी १९८६

ती. सौ. ताईस,

कमळचा नमस्कार. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले, उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळी बरी आहोत. भावोजींची कंबर कशी आहे? शेक घेतात की नुसतेच ओरडतात? पोरांना माझे पापे दे.

ह्यांना ह्या आठवड्यात दुपारची पाळी आहे. गिरणी बंद पडल्यापासून भांडुपच्या कारखान्यात चिकटलेत, ते तसंच चालू आहे. शकुची चाचणी झाली. गणितात पंचवीसपैकी चोवीस! बाईंनी वर्गात सगळ्यांना तिची वही दाखवली. एक मार्क कुठे गेला म्हणून स्वारी दोन दिवस गाल फुगवून होती. तुझीच लेक, दुसरं काय.

तुझ्या पत्रातली ती ओळ मी चार वेळा वाचली. भावोजी म्हणतात, दोन वर्षं मावशीकडे राहिली ती पुष्कळ झाली, मे महिन्यात येऊन शकुला घेऊन जायचं आणि जूनपासून गावच्या शाळेत घालायचं. ताई, मी काय बोलणार? मुलगी तुमची. पण चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा असते, बाई म्हणतात शकु हमखास बसेल तिच्यात. निदान ते एक वर्ष तरी राहू दे ना गं. तुला चार आहेत, मला ही एकच आहे असं म्हणणार होते, पण ते लिहायला बरं नाही दिसत. तरी लिहिलं. खोडत नाही, अंतर्देशीय घाण होतं.

आता कोंबड्यांचं ऐक. नाहीतर म्हणशील, हौसेने कोंबड्या दिल्या नि मेलीला खबर द्यायला होत नाही. तू दिलेल्यांपैकी काळी आणि पांढरी आहेत, आणि ह्या वर्षीच्या दोन तलंगा, काळीच्याच कोवळ्या पोरी. चाळीच्या मागच्या तुकड्यात दिवसभर उकरत असतात. पण तो कोंबडा! तीन वर्षांपूर्वी तूच मला देवळात उभी केलीस, ‘घरात पाळणा हलू दे, कोंबडा देईन’ असा नवस बोलायला लावलास, आणि तुझ्याच खुराड्यातलं तुरेवालं पिल्लू माझ्या पदरात घातलंस. तेव्हा मुठीत मावत होता. आता गुडघ्याएवढा झालाय आणि माजलाय नुसता. पायामागचे काटे बोटभर वाढलेत. पोस्टमन आमच्या दारात येत नाही, गल्लीतूनच ओरडतो.

काळीची तर त्याने वाट लावली. पाठीवरची पिसं गेली, आणि आठ दिवसांमागे बघते तर पंखाखाली कातडी फाटून लोंबत होती. वर बाकीच्या काय कमी? जरा लाल दिसलं की टोचायला धावतात, सख्खी मुलगीसुद्धा सोडत नाही आईला. मग काळीला वेगळं काढलं. कडुलिंबाच्या कोमट पाण्याने धुतलं, हळद आणि खोबरेल लावलं, घरात मोरीजवळ टोपलीत ठेवली. जखम झाकायला फडकं हवं म्हणून शकुने ट्रंक उघडली आणि ते पिवळं झबलं काढलं. तुला आठवतं ना, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी शिवलेलं. मी ओरडणारच होते. पण पोरीने ते काळीच्या पंखांखालून असं बेताने बांधलं की माझं तोंडच मिटलं. बारा वर्षांनी झबलं कुणाच्या तरी अंगावर चढलं, कोंबडीच्या का होईना.

शेजारच्या सखुबाई रोज भिंतीवरून डोकावून सांगतात, “कमळे, तुझो देव कोंबडो खातलो तेव्हा खातलो. तोवर कोंबडोच तुझ्या कोंबड्या खाता!” ह्यांनी तर गिरणीतली जुनी कानस काढली होती, काटे घासून बोथट करतो म्हणाले. फिटरचा हात तो, पाच मिनिटांचं काम. पण मी नाही करू दिलं. गुरवाने सांगितलंय ना आपल्याला, देवाच्या नावाच्या जनावराला खोट येता कामा नये. नख मोडलं तरी ते देवाला चालत नाही. तीन वर्षं जपलं आणि आता पाच मिनिटांसाठी घालवायचं?

कागद संपला. शकुच्या दोन ओळी ह्या वेळी नाहीत, ती दुपारची झोपलीय. पुढच्या पत्रात लिहील.

तुझी,
कमळ


मुलुंड,
रविवार, ता. १६ फेब्रुवारी १९८६

ती. सौ. ताईस नमस्कार.

तुझं कार्ड मिळालं. चारच ओळी आणि त्यातल्या तीन शिव्या. “शकु भर दुपारी कधीपासून झोपायला लागली? तिचं अक्षर का नाही? कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, कमळे.” ताई, तुझं नाक लहानपणापासून असंच. मी चिंच खाल्ली की तुला अंगणातून कळायचं.

तर सांगते. घाबरू नकोस. मागल्या महिन्यात, एकोणतीस तारखेला, बुधवारी, शकुला कोंबड्याने जरासं ओरबाडलं. भुवईजवळ. मी तिथेच होते, लगेच दवाखान्यात नेलं, दोन टाके घातले, झालं. पट्टी आहे अजून, पण हसते, खेळते, जेवते. परवा भरलं वांगं मागून घेतलं. तुला उगाच काळजी नको म्हणून लिहिलं नव्हतं. भावोजींना एवढ्यात सांगू नकोस हं. ते लगेच पिशवी घेऊन निघतील.

कोंबडा आता दिवसभर डालग्याखाली कोंडलेला असतो. वर पाटा ठेवलाय, तरी आतून धडका देतो. काळीची जखम भरत आलीय. कोवळी पिसं फुटतायत. दुसऱ्या दिवसापासून झबलं रोज धुऊन, वाळवून परत घालते मी तिला. अंडं मात्र बंद केलंय.

ह्यांचं माझं जरा बिनसलंय. काही नाही गं, नवरा-बायकोत चालायचंच. मी वाढते, ते जेवतात. सखुबाई म्हणाल्या, बळवंतरावांनी मौन घेतलं की काय? मी म्हटलं, हो, पारायण लावलंय.

शकुला म्हटलं आईला दोन ओळी लिही. तिचा हात दुखतोय म्हणते. पुढच्या वेळी नक्की.

तुझी,
कमळ


मुलुंड,
सोमवार, ता. ३ मार्च १९८६

ताई,

आज नमस्कार-चमत्कार नंतर. आधी एवढं वाच, शकुचा डोळा वाचला. शुक्रवारी पट्टी सोडली. डॉक्टरांनी दुसऱ्या डोळ्यावर हात ठेवून तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली, पार खालची बारीक ओळसुद्धा तिने घडाघडा वाचली. मी तिथल्या बाकावर बसून लहान पोरासारखी रडले. आता पुढचं वाच आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

टाके दोन नाहीत, पाच आहेत. भुवई उभी चिरली होती. डॉक्टर म्हणाले, एवढा तीळभर खाली असता काटा तर बुबुळातच गेला असता. बुबुळाला सूज होती, महिनाभर पट्टी ठेवा, मग बघू नजर कशी आहे ते, असं त्यांनी सांगितलं होतं. हा महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. तुला खरं लिहिलं नाही कारण मला भीती वाटली. तू नेशील तिला, ही एकच भीती. पोरीच्या डोळ्यापेक्षा मला माझी भीती मोठी वाटली, ताई.

आणि मी तिथे नव्हतेच. नळाला पाणी आलं होतं, मी हंडे भरत होते. कोंबडा सुतळीने खुंटाला बांधलेला होता. काळी तेव्हा आजारी, तिला जरा ऊन लागावं म्हणून मीच शकुला सांगितलं होतं, टोपली मागे नेऊन ठेव. सुतळी कुजलेली. मी किंकाळी ऐकली आणि हंडा टाकून धावले. शकु काळीला पोटाशी धरून गुडघ्यात डोकं घालून बसली होती आणि तो तिच्या डोक्यावर नाचत होता. कोंबडी टाकून पळाली असती तर वाचली असती. पण टाकली नाही तिने.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी तीनदा उठले. एकदा चहा केला, एकदा उगाच दार लावून आले.

मी शकुला उचलून घरात आणलं. माझा पदर, परकर, सगळं रक्ताने भिजलं. हे तेवढ्यात भांडुपला निघत होते. त्यांनी ते बघितलं आणि कोपऱ्यातला कोयता उचलून मागच्या दाराकडे धावले. आणि मी काय केलं असेल सांग? शकुला खाली बसवलं आणि दारात आडवी झाले. मी म्हटलं, “कापू नका. देवाचो हा तो.”

शकुचं रक्त अंगावर आणि तोंडात हे. तेरा वर्षांत ह्यांनी माझ्याकडे कधी असं बघितलं नव्हतं. म्हणाले, “कमळ, पोर बघ आधी.” कोयता खाली टाकला, शकुला खांद्यावर घेतलं आणि धावत दवाखान्यात गेले. मी मागून अनवाणी. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. पारायण वगैरे काही नाही.

एवढ्याने संपत नाही. तुला पत्र लिहायला बसले तेव्हा मी शकुला म्हटलं, आईला ह्यातलं काही लिहायचं नाही, नाहीतर ती तुला घेऊन जाईल. पोर म्हणाली, “मग मी काय लिहू?” मी म्हटलं, बरी आहे म्हणून लिही. तिने जरा विचार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. “मग मी काहीच लिहीत नाही.” तिचा हातबीत दुखत नव्हता गं. माझी आठ वर्षांची भाची खोटं लिहायला तयार नव्हती आणि मी चौतीस वर्षांची घोडी पानं भरत होते. आज तिला सांगितलं, तुला हवं ते लिही. ह्या पाकिटात तिचा वेगळा घडी केलेला कागद आहे. मी तो उघडलेला नाही.

हे सगळं करून कोंबडा जिवंतच होता. मनाची समजूत घालत होते की डालग्याखाली कोंडलाय, आता कुणाला काय करणार. तीन वर्षं सकाळी उठले की आधी त्याला दाणे टाकायचे. त्याने बांग दिली की मला वाटायचं, अजून आशा आहे. हसशील तू. पण ज्या बाईला मूल नाही तिला कशात काय दिसेल ते दुसऱ्याला नाही कळायचं. तुलाही नाही कळायचं.

शनिवारी शकु पहिल्यांदा मागच्या दारापाशी गेली. महिनाभर तिने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. उंबऱ्यात उभी राहिली, एका हाताने चौकट धरून. डालग्याखालून त्याची धडधड चालू होती. मी तांदूळ निवडत होते. माझ्याकडे वळून म्हणाली, “मावशी, त्याला कापू नका हं. तुझं बाळ आलं की मग कापा. तोवर मी मागे नाही जाणार.”

मग म्हणते कशी, “आणि बाळ आलं की मी गावाला जाईन ना? म्हणजे त्याला जागा होईल.”

ताई, माझ्या हातून सूप निसटलं, तांदूळ घरभर. दोन वर्षं ही पोर माझ्या कुशीत झोपते. ताप आला तर मी रात्र रात्र बसलेय, तिच्या वेण्या, तिचे डबे, तिचे पाढे. आणि एवढं करून तिला काय कळलं माझ्याकडून? की ती खरी नव्हे. की खरं यायचंय अजून आणि तोवर हिला ठेवलीय. मी कधी तसं बोलले नाही गं, देवाशपथ. पण रोज सकाळी तिच्यादेखत त्या मेल्याला दाणे टाकत होते ना. पोरं सगळं बघतात.

तिला जवळ घेतलं. ती माझे डोळे पुसून तांदूळ गोळा करायला लागली.

हे पाळीवरून आले. ताट वाढलं आणि मी म्हटलं, “उद्या सकाळी कोंबडा.” महिन्याने पहिल्यांदा वर बघितलं त्यांनी. “खरा?” एवढंच विचारलं. मी म्हटलं, “खरा.”

काल रविवारी सकाळी मागचा तुकडा झाडला, शेणाने सारवला. नारळ ठेवला, विडा ठेवला. हे आंघोळ करून, टोपी घालून, गावाकडे तोंड करून उभे राहिले. सखुबाई भिंतीपलीकडे हात जोडून. शकुला मी माझ्या पुढ्यात उभी केली होती, दोन्ही खांदे धरून. ह्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, “बा देवा म्हाराजा, तुझ्या पायाकडे तीन वर्सांमागे आमी जो सबूद दिलो होतो...” आणि तिथेच थांबले. माझ्याकडे वळले. कोंबडा त्यांच्या बगलेत, डोळे वटारून. हळूच विचारलं, “पुढे काय सांगू गो? नवस मोडलो म्हणून सांगू?”

खरं तर तसंच सांगायचं ठरवून मी बाहेर आले होते. देवा, चुकले, माफ कर, मोडते नवस. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

“मोडलो कशाला? फिटलो म्हणा.”

ह्यांनी बघितलं. आधी माझ्याकडे, मग शकुकडे. मग देवाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाले, “तर म्हाराजा, जा मागला ता तू दिलंस! तुझा तुका पोचता करतंव!” सखुबाई भिंतीपलीकडून “व्हय म्हाराजा” म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. त्या बाईला मी उभ्या जन्मात रडताना बघितलं नव्हतं.

सागुती केली, वडे तळले, आधी देवाचं पान वाढलं. तीन वर्षांचं जून जनावर, दोन तास रटरट शिजलं तरी चिवट ते चिवट. शकु एक तुकडा चघळत चघळत म्हणाली, “काका, हा मेल्यावरपण भांडतो!” आम्ही दोघं इतकी हसलो की ह्यांना ठसका लागला. पाठ चोळायला गेले तर माझा हात धरून ठेवला त्यांनी. आमचं बिनसलेलं मिटलं, आता ती काळजी नाही.

ताई, देवासमोर मी तुझी मुलगी माझी म्हणून सांगितली. तुला विचारलं नाही, भावोजींना विचारलं नाही. एवढा मोठा डोळ्यावर घाव होऊ दिला, तुझ्यापासून लपवला, आणि वर हे. चोरीच आहे ही. तू ये. मे महिन्याची वाट बघू नकोस. ठाण्याला उतर, हे न्यायला येतील. भुवईवर व्रण राहणार आहे, तो बघ, मग मला काय मारायचं ते मार, आणि शकुचं काय ते तू ठरव. तिचे कपडे मी धुऊन, घडी घालून ठेवलेत. इथे राहिली तर ते फळीवर लावेन, तू नेलीस तर पिशवीत भरून देईन. मी आड येणार नाही. एकदा नको त्यासाठी आडवी झाले, पुरे.

पण नेलीस तरी एक सांगते. मी देवाला खोटं बोलले नाही. दोन वर्षं होती ना ती माझ्याकडे. तेवढ्याने फिटला नवस. आता मी त्याच्याकडे काही मागणार नाही.

शकुच्या आईला, शकुच्या मावशीचा नमस्कार.

कमळ